ओसाकात 'अहो' म्हणू नये

एकदा देश सोडलेल्या माणसाला दुसऱ्यांदा देश सोडणं सोपं जातं, असं ज्याला वाटत होतं तो माणूस म्हणजे मी. नागपूरहून कॅनडात ब्रॅम्पटनला आलो तेव्हा काय कमी सोसलं? बर्फ सोसला, बॅगेत फुटलेली लोणच्याची बरणी सोसली, 'कॅनेडियन एक्स्पीरियन्स आहे का' असं विचारणारे लोक सोसले. त्यामुळे कंपनीने 'ओसाकाला येता का' असं विचारलं तेव्हा मी जराही डगमगलो नाही. डगमगलो ते नंतर, आणि तेसुद्धा एका दोन अक्षरी शब्दापायी.

आमची कंपनी जपानी. गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग करते आणि मी ते तपासतो. ब्रॅम्पटनचा कारखाना मार्चमध्ये बंद होणार असं जाहीर झालं आणि सगळ्यांना एकेक केकचा तुकडा देण्यात आला. केक खाऊन होतो न होतो तोच मला आत बोलावून सांगितलं की ओसाकाच्या मुख्य कारखान्यात एक जागा आहे आणि ती मला मिळू शकते. मी पन्नाशीला टेकलेला माणूस. या वयात नवी नोकरी शोधायला गेलं की समोरचा पोरगा आधी आपल्या केसांकडे बघतो आणि मग रेझ्युमेकडे. म्हणजे ओसाका, नाहीतर घरी बसणं. आणि घरी बसून बायकोच्या पगारावर जगायचं, ही कल्पनाच मला सोसत नव्हती. समतेवर मी चांगलं बोलतो, पण ते माईकवर.

घरी स्वातीला सांगितलं. ती म्हणाली, "बघू."

आता या 'बघू'चा अर्थ लावणं हे लग्न झालेल्या मराठी माणसाचं आयुष्यभराचं काम असतं. पाहुण्यांना 'बघू' म्हटलं तर नाही, मुलीला म्हटलं तर नंतर, आणि नवऱ्याला म्हटलं तर काहीही. मी सोयीने 'हो' असा लावला. स्वाती इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्नॉलॉजिस्ट आहे. आल्या आल्या तिने गोदामात खोकी भरली, मग परीक्षा दिली, नापास झाली, परत दिली, आणि कालपरवा कुठे तिची नोकरी कायम झाली. हे सगळं माझ्या ध्यानात होतं. पण जपानमध्येही माणसांना रक्त असतंच, असं मी स्वतःला सांगितलं आणि ऑफिसात जाऊन कळवलं की मिसेस पॉझिटिव्ह आहेत.

ओसाकाची एकच अट होती. मागे दोन-तीन कुटुंबं तिथे जाऊन अर्ध्यातून परतली होती, म्हणून आता कंपनी सगळ्या कुटुंबाशी व्हिडिओवर बोलल्याशिवाय पक्कं करत नसे. बोलणार होत्या नाकानिशी-सान नावाच्या बाई. तारीख ठरली. बाईंच्या ईमेलमधलं शेवटचं वाक्य असं होतं की त्यांना घरातलं 'नैसर्गिक वातावरण' बघायचं आहे. आमच्या घरातल्या नैसर्गिक वातावरणाची मला कल्पना असल्याने त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

त्यात शंकरराव ढोके. हे आमच्या इथल्या आंबेडकर मंडळाचे अध्यक्ष. एकदा टूरबरोबर जपान बघून आलेत आणि तेव्हापासून त्या देशाचा कारभार आपल्याला विचारून चालतो अशा थाटात बोलतात. मी त्यांना नुसतं 'चाललंय बोलणं' असं म्हणालो. त्यांनी दुसऱ्या दिवशी हॉल बुक केला. निरोप समारंभाचा फलकही छापून आणला. त्यावर माझा फोटो, मागे उगवता सूर्य आणि खाली 'बुद्धाच्या देशी निघालेल्या सुपुत्रास मंगल कामना'. अजून काही पक्कं नाही हो, असं मी म्हटलं तर म्हणाले, फलक छापला म्हणजे पक्कंच. शिवाय तो फलक आमच्याच घरी ठेवून गेले, कारण त्यांच्या गॅरेजमध्ये जागा नव्हती. येता-जाता माझाच हसरा चेहरा मला दिसायचा आणि मी नजर चुकवून पुढे जायचो.

शेजारचा आल्फ्रेड डाबरे हा वसईचा. माणूस मनाने चांगला, पण कोण कुठे चाललंय हे कळलं की त्याला आधी त्या माणसाचं सामान दिसतं. ओसाकात बर्फ नाही, तुला विंटर टायर्स कशाला, स्नो ब्लोअर कशाला, असं म्हणून त्याने दोन्ही उचलून नेलं. मीही उत्साहात देऊन टाकलं. त्याच आठवड्यात गुडघाभर बर्फ पडला. मी जुन्या फावड्याने ड्राइव्हवे शोव्हल करत होतो आणि आल्फ्रेड माझाच ब्लोअर माझ्याच डोळ्यांदेखत फिरवत मला हात हलवत होता. इझाबेलाने, म्हणजे त्याच्या बायकोने, माझी दया येऊन कॉफी पाठवली. ती पिताना मी मनात म्हटलं, आता ओसाकाला गेलंच पाहिजे, नाहीतर ब्लोअर परत मागायची पाळी येईल.

मग कागदपत्रं. ओसाकाने लग्नाचा दाखला मागितला. आमचं लग्न नागपूरच्या विहारात झालेलं, दाखला मराठीत. त्याचं इंग्रजी भाषांतर करून घ्यायला मी एका प्लाझात मिठाईच्या दुकानाशेजारी बसणाऱ्या गृहस्थांकडे गेलो. ते उत्तरेकडचे होते. मी विचारलं, मराठी येतं का? ते म्हणाले, "देवनागरी तो देवनागरी है जी." मला वाटलं, ठीक आहे, दाखल्यात असं काय अवघड असणार?

आता आमच्या लोकांत नावामागे श्री आणि सौ लावत नाहीत. पुरुषाच्या नावामागे 'आयु.' लावतात, म्हणजे आयुष्मान, आणि बाईच्या नावामागे आयुष्मती. दाखल्यात अर्थातच 'आयु. राजन' आणि 'आयुष्मती स्वाती' असं होतं. हिंदीत आयु म्हणजे वय. त्या सद्गृहस्थांनी वराचं वय 'राजन' असं लिहिलं आणि वधूचं पहिलं नाव आयुष्मती करून टाकलं. मी न वाचता पाठवून दिलं.

ओसाकाहून फार नम्र ईमेल आली. वराच्या वयाच्या जागी 'राजन' दिसत आहे, कृपया आकडा कळवावा. तसंच दाखल्यावर आयुष्मती आहेत आणि पासपोर्टवर स्वाती आहेत, तर या दोघींचं एकमेकींशी नातं काय, आणि दोघीही येणार आहेत का, म्हणजे घर त्या मानाने बघता येईल.

दोन बायकांचा नवरा म्हणून एका परक्या देशात माझी नोंद होऊ घातली होती. खुलासा लिहायला बसलो तर तो इतका लांबला की मलाच संशय यायला लागला. स्वातीने मागे उभी राहून सगळं वाचलं.

"अहो, असं करा," ती म्हणाली. "आयुष्मतीला घेऊन जा. मी राहते इथे."

मी हसलो. मला वाटलं, विनोद आहे.

खुलासा कसाबसा पटला. ओसाकाने वय भरलं, एक बायको कमी केली आणि मुलाखतीची तारीख कायम ठेवली. मी सुटकेचा श्वास टाकणार, तोच आमची अक्षरा मध्ये पडली. अक्षरा नववीत आहे. मराठी तिला सगळं कळतं, पण तोंडातून इंग्रजीच निघतं. जपानी कार्टून बघून बघून तिला थोडंफार जपानीही येतं. त्या दिवशी मी बाहेर बर्फ काढत होतो आणि स्वाती दारातून मला 'अहो, टोपी घाला' म्हणून हाका मारत होती. अक्षरा पायऱ्यांवर बसून हसत होती. काय झालं म्हणून विचारलं.

"बाबा, इन ओसाका 'अहो' मीन्स इडियट," ती म्हणाली. "लाइक, लिटरली दॅट वर्ड."

माझ्या हातातलं फावडं खाली पडलं. दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या ओगावाला, जो मूळचा तिकडचाच, मी हळूच विचारलं. तो खोकला. टोकियोत फारसं ऐकू येत नाही, म्हणाला. आणि ओसाकात? ओसाकात रोज, म्हणाला, आणि कॉफी न घेताच निघून गेला.

तुम्हीच सांगा, काय करावं माणसाने? मुलाखत घेणारी बाई ओसाकाची. तिला बघायचंय नैसर्गिक वातावरण. आणि आमच्या घरातलं वातावरण सकाळी डोळे उघडल्यापासून 'अहो'वर चालतं. अहो, उठा. अहो, दूध उतू गेलं. अहो, तुमचा फोन. मी मोजायला सुरुवात केली आणि जेवायच्या आधीच सोडून दिलं. इतकी वर्षं हा शब्द कानावर पडत होता, पण कधी टोचला नव्हता. आता प्रत्येक 'अहो'ला मी दचकायला लागलो. नवऱ्याला बायको चारचौघांत मूर्ख म्हणते आणि तो 'आलो आलो' म्हणत धावतो, अशा माणसाच्या हातात ब्रेकची तपासणी कोण देईल?

मी स्वातीला स्पष्ट सांगितलं की उद्यापासून मला नावाने हाक मारायची. ती तयार झाली. समोर बसली, पदर नसताना पदर सावरल्यासारखं केलं आणि म्हणाली, "रा... राहू द्या हो." परत केलं. परत तेच. मी विचारलं, लाज वाटते का? ती म्हणाली, लाज कसली, नावाने मी फक्त पेशंटला बोलावते, आणि मग सुई टोचते. हे ऐकल्यावर मलाही फार आग्रह करवेना.

आल्फ्रेडचा सल्ला घेतला. तो म्हणाला, हनी म्हणायला सांग, एकदम कॅनेडियन. स्वातीने स्वयंपाकघरातून 'हनी' अशी हाक मारली तर अक्षरा मधाची बाटली घेऊन हजर झाली. आल्फ्रेडने मग असंही सांगितलं की नावाने हाक मारून घ्यायची मला एवढी हौस असेल तर मी एकदा इझाबेलाची हाक ऐकावी. ती जेव्हा त्याला बापाच्या नावासकट पूर्ण नावाने बोलावते तेव्हा तो बेसमेंटमध्ये जाऊन बसतो.

शंकररावांकडे गेलो तर ते भडकलेच. "जयंतीले समतेवर भाषन देतं, अन् घरी बायकोकडून 'अहो' म्हनवून घेतं?" असं म्हणून त्यांनी मला स्त्रीमुक्तीवर झाडलं. मी खाली मान घालून ऐकत होतो. तेवढ्यात आतून बेबीताईंचा आवाज आला, "अध्यक्ष, चहा थंडा होऊन रायला." बेबीताई म्हणजे त्यांच्या पत्नी. शंकररावांनी विषय बदलला आणि मुलाखतीला मागे बुद्धमूर्ती दिसलीच पाहिजे, समोर मेणबत्ती लावलेली पाहिजे, आणि उभं राहून कमरेतून वाकलंच पाहिजे, असं बजावलं. मूर्तीही दिली. घरापर्यंत आणून दिली, कारण माझ्या गाडीला विंटर टायर्स नव्हते.

शेवटी आमच्यात असा तह झाला की मुलाखत संपेपर्यंत स्वाती मला कोणत्याच नावाने बोलावणार नाही. गरज पडली तर कोपराने ढोसेल. एवढ्या सगळ्या खटाटोपात तिने स्वतःहून एकदाही ओसाकाचं नाव काढलं नव्हतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण माझं सगळं लक्ष तिच्या तोंडातून काय निघू नये याकडे होतं.

मुलाखतीच्या संध्याकाळी आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाशी बसलो. लॅपटॉप तांदळाच्या बॅगेवर ठेवला होता, म्हणजे तो बरोबर डोळ्यांसमोर येतो. मागे स्टुलावर मूर्ती, मूर्तीपुढे मेणबत्ती. आमची संध्याकाळ ती ओसाकाची सकाळ. नाकानिशी-सान पडद्यावर आल्या. वय साठीच्या आसपास, चेहरा शांत, हसू मोजून मापून. त्यांनी अक्षराला शाळेचं विचारलं. अक्षराने चक्क जपानीत उत्तर दिलं. बाई खूश झाल्या. मला कामाचं विचारलं. मी बोललो. स्वाती गप्प बसून कोपर तयार ठेवून होती. गाडी रुळावर होती.

मग मी उभा राहिलो आणि शंकररावांनी शिकवल्याप्रमाणे कमरेतून वाकलो. वाकताना माणूस पुढे किती जातो याचा मी सराव केला होता. मागे किती जातो याचा केला नव्हता. माझ्या कोटाचं मागचं टोक मेणबत्तीवर गेलं.

"अहो!" स्वाती ओरडली. "अहो, अहो, कोट! अहो!"

मला वाटलं, झालं, हिने घोळ घातलाच. मी वाकलेल्या अवस्थेतच तिला हाताने गप्प राहायची खूण केली. पाठीला चटका बसला तेव्हा कळलं. तोवर तिने पाण्याचा जग माझ्यावर ओतला होता. मूर्ती वाचली, कोट गेला आणि मी ठिबकत होतो.

नाकानिशी-सान पुढे झुकल्या. मॅडमनी आत्ता मिस्टर मेश्रामना, म्हणजे मला, जो शब्द वापरला तो आपण बरोबर ऐकला का, असं त्यांनी फार हळू आवाजात विचारलं. अक्षराने सगळं सांगून टाकलं, मराठीतलं, ओसाकातलं, आमचा तहसुद्धा. बाईंनी तोंडावर हात धरला. खांदे हलायला लागले. हसू आवरल्यावर त्या म्हणाल्या की त्यांची आई वडिलांना रोज सकाळी हाच शब्द म्हणते, आणि ज्या दिवशी म्हणत नाही त्या दिवशी वडील घाबरतात.

माझा जीव भांड्यात पडला. आता काही अडत नाही असं मी समजलो. पण नाकानिशी-सानचं हसू ओसरलं आणि त्या स्वातीकडे वळल्या. शब्द अगदी साधे होते. तुम्हाला यायचं आहे का?

मी मध्ये बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण हा प्रश्न, अगदी असा, तिला घरात कोणी विचारलेलाच नव्हता. मी 'जायचं ना' असं विचारलं होतं. शंकररावांनी कधी निघता असं विचारलं होतं. आल्फ्रेडने टायर्स विचारले होते.

पडद्याकडे न बघता स्वाती माझ्याकडे वळली.

"राजन," ती म्हणाली, "मी येत नाही."

माझं नाव तिच्या तोंडून असं ऐकायला मिळेल, हे मला वाटलं नव्हतं. ती पुढे मराठीतच बोलली, शांतपणे. खोकी भरत होते तेव्हा मला कोणी नावाने ओळखत नव्हतं, म्हणाली. आता माझ्या लॅबच्या कोटावर माझं नाव आहे. तिकडे मला रक्ताला हात लावू देणार नाहीत, मी परत कोणाची तरी मिसेस होईन. ते मला एकदा जमलं, दुसऱ्यांदा जमणार नाही. तुमची नोकरी आहे, तुम्ही जा, मी अडवणार नाही आणि मनात काही ठेवणारही नाही. घर मी चालवीन.

"शी सेड नो," अक्षराने पडद्याला सांगितलं. "शी ऑल्सो सेड ही कॅन गो."

नाकानिशी-सान माझ्याकडे बघत राहिल्या. एकट्याने जाणारेही असतात, तशी सोय आहे, एवढंच म्हणाल्या. मी ओल्या शर्टात उभा होतो. मार्च डोळ्यांसमोर होता, हॉल बुक झालेला होता, फलकावरचा माझा चेहरा कोपऱ्यातून हसत होता. आणि मला भीती वाटली. घरी बसण्याची होतीच, पण ती नव्हे. मला ओसाकातली एक खोली दिसली. खिडकीखालून लोक चाललेत, अख्खं गाव एकमेकांना 'अहो' म्हणतंय, आणि त्यातलं एकही माझ्यासाठी नाही.

"सॉरी, नाकानिशी-सान," मी म्हणालो. "मीही येत नाही."

त्यांनी कारण विचारलं नाही. मान खाली घातली, बराच वेळ तशीच ठेवली, अक्षराला जपानीत काहीतरी म्हणाल्या आणि पडदा काळा झाला. काय म्हणाल्या ते अक्षराने आम्हाला सांगितलं नाही.

स्वाती माझ्याकडे टक लावून बघत होती.

"अहो," ती हळूच म्हणाली. पुढे काहीच नाही, तेवढंच.

अक्षराने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "मम्मा, वॉज दॅट मराठी ऑर जॅपनीज?"

"जॅपनीज," स्वाती म्हणाली, डोळे पुसले आणि माझ्या अंगावरचा जळका कोट उतरवायला लागली.